कानाशी अंधार

१

मास्तरांनी ओठ मिटले, ते मिटलेच.

चमचा तोंडाशी आलेला. सूप कोमट, मीठ बेताचं, गळ्याशी नॅपकिन नीट खोचलेला. सूनबाई वाकून म्हणत होती, "बाबा, एकच घोट. बरं, अर्धाच." म्हाताऱ्याने मान भिंतीकडे वळवली. सूप हनुवटीवरून ओघळलं आणि उशीत मुरलं. मग तोच वाडगा, तोच चमचा लेकीने घेतला आणि मास्तरांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं.

दारात उभ्या असलेल्या आत्याने हे सगळं पाहिलं.

आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. उभी नोकरी तिने विमा कंपनीत काढली, लोकांचे दावे खरे की खोटे ते हुडकण्यात. जळालेल्या गोदामांची राख तिने बोटांनी चाळली होती, चोरीला गेलेले दागिने नणंदेच्या पिठाच्या डब्यातून काढले होते. आता नोकरी सुटली होती, संशय सुटला नव्हता. कुणी "मी मजेत" म्हटलं तरी तिच्या मनात यायचं, कशावरून?

जिन्यात भाची तिच्या कानाशी लागली. "पाहिलंस ना? बापाला बरोबर कळतं कोण कसं ते."

हकीकत अशी होती. दुकानाच्या सुट्टीचा दिवस. घराखालचं शिवणकामाचं दुकान बंद, पण मास्तरांना कसली सुट्टी? एकटेच कोटाचं कापड बेतत होते. दुपारी त्यांनी सुनेला फोन लावला. ती औषधांच्या दुकानात ड्युटीवर होती. तिने फोन उचलला. तो कॉल बराच वेळ चालला, अगदी मास्तरांच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत. संध्याकाळी दुकानातले काका विसरलेला चष्मा न्यायला आले, तर मास्तर कटिंगच्या टेबलाखाली पडलेले. गळ्यात टेप, कानाशी गार पडलेला फोन. जीव वाचला. उजवं अंग आणि वाचा मात्र गेली.

"एवढा वेळ ही बया नुसती ऐकत बसली!" भाचीचा आवाज चढला. "माझा बाप फोनवर तडफडत होता आणि ही हूं की चूं नाही."

"ती काय म्हणते?"

"म्हणे बाबांनीच मला होल्डवर ठेवलं."

मागून भाचा आला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दाढी वाढलेली. "आत्या, बाबांना होल्ड कशाशी खातात तेही ठाऊक नाही. आणि होल्डवर ठेवायला दुसऱ्या कुणाचा फोन यायला हवा की नको? आलाच नव्हता. मी फोन उघडून बघितलं."

"तिलाच दुकान विकायचं होतं," भाची म्हणाली. "नाक्यावरचा दलाल सांगत होता. बाबा आडवे आले."

"उद्या सकाळी मी तिला माहेरी पोचवतोय," भाचा जिन्याच्या पायरीकडे बघत म्हणाला. "कायमची. बाबांचीच तशी इच्छा दिसते."

आत्याने मागे वळून खोलीत पाहिलं. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता, डोळा तेवढा दाराकडे. तो कसा रागावतो ते आत्याला लहानपणापासून पाठ होतं. हा राग नव्हता. हे एखाद्याने भर बाजारात हात सोडून दिल्यावर पोराच्या डोळ्यांत दिसतं, ते होतं.

आणि ते सुनेसाठीच होतं, की आणखी कुणासाठी?

२

सूनबाई बॅग भरत होती. घडी घालायची, मोडायची, पुन्हा तीच घडी घालायची.

"आता तुम्हीही विचारा," ती मान वर न करता म्हणाली. "सगळ्यांचं विचारून झालंय."

"मी विचारत नाही गं. मला सांग."

"फोन आला. बाबा म्हणाले, 'सूनबाई, ऐक...' आणि लगेच ट्यून वाजायला लागली. मग ती रेकॉर्डवाली बाई, 'आपला कॉल होल्डवर आहे, कृपया लाइनवर राहा.' मी राहिले. वाटलं, कुणी गिऱ्हाईक आलं असेल, त्यांच्या हातून काहीतरी दाबलं गेलं असेल. दुकानात मी एकटी होते. फोन काउंटरवर ठेवला, गोळ्या देत राहिले, मधूनमधून कानाला लावून बघत होते. ट्यून चालूच."

"कापून पुन्हा लावायचा."

आता तिने मान वर केली. "आत्या, तुम्ही हे विचारता? मोठ्यांनी ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात बाबांनी शिकवलं मला."

खरंच होतं. काळा, जड, तबकडीचा फोन घरात आला तेव्हा तिच्या वडिलांनीच तो नियम घातला होता. धाकट्याने आधी फोन ठेवणं म्हणजे मोठ्यांच्या तोंडावर दार आपटणं. तबकडी गेली, तार गेली, नियम राहिला. आजही दादाशी बोलणं संपलं की आत्या फोन तसाच धरून थांबायची, पलीकडून तो कापेपर्यंत.

तरीही तिचा संशय शेपूट हलवत उभाच होता. ही पोर गोड बोलते, नीट बोलते. गोड आणि नीट बोलणारे तिने पुष्कळ पाहिले होते.

पण एक गोष्ट खटकत होती. खोटा दावा करणारा माणूस नेहमी पटेल असं सांगतो. हिला म्हणता आलं असतं, रेंज गेली, आवाज तुटत होता. कुणीही मान डोलावली असती. ते सोडून हिने असं काही सांगितलं की जे शेंबडं पोरही मानणार नाही. असं सांगणारा एक तर ठार वेडा असतो, नाहीतर खरा.

"दुकान विकायचं तुझ्या मनात होतं?"

"माझ्या?" सुनेच्या हातातली साडी खाली पडली. "ते दुकान गेलं तर बाबा चार दिवस तरी जगतील का? मी कशाला असलं म्हणू! आणि कुणाला?"

"दलालाला."

"मी त्या माणसाशी आयुष्यात बोलले नाही, आत्या."

दलालाच्या तोंडी मग हिचं नाव घातलं कोणी?

३

दुकानातल्या काकांना सगळे काजबटण म्हणत. तारुण्यापासून ते या दुकानात काजं करत आणि बटणं लावत आले होते. दुनियेत काय वाटेल ते होवो, बटणाला भोक हवंच, या एका विश्वासावर त्यांचं आयुष्य चाललं होतं.

दुकान बंद, पण शटर अर्धं वर. आत कापडाचा, तेलाचा आणि इस्त्रीच्या वाफेचा जुना वास. मास्तरांच्या मशीनवर कुणीतरी चादर पांघरली होती, झोपलेल्या माणसावर पांघरावी तशी.

"मशीन चालू असलं की मास्तर गुणगुणायचे," काका म्हणाले. "'सुई जाते पुढे पुढे, दोरा येतो मागे गं, कुणासाठी शिवते बाई, रात रात जागे गं.' इतकी वर्षं तेवढंच. पुढची ओळ मी कधी ऐकली नाही. बहुतेक त्यांनाही येत नसावी."

"फोनवर कसा बोलायचा दादा?"

"बोलायचे कसले! हात कधी मोकळे असायला हवेत ना." काकांनी बटणांची डबी उचलून खांद्यावर ठेवली, गाल तिच्यावर दाबला आणि मान वाकडी करून दोन्ही हातांनी हवेतलं कापड सरळ केलं. "हे अस्सं. तोंडात टाचण्या. पलीकडच्याला वाटावं, माणूस दातदुखीने बेजार आहे."

आत्याला हसू आलं. ते तिने आवरलं. "फोन धड चालायचा?"

काकांनी शटरकडे बघून आवाज खाली घेतला. "घरी सांगू नका हं, मास्तरांना लाज वाटायची. मधे बरेच दिवस त्याने पिडलं होतं. फोन लागला की स्क्रीन काळाकुट्ट. कानापासून लांब धरला तरी काळाच. बोलणं झालं की कापायचा कुठून? दिसायलाच काही नाही. समोरच्याने कापला तर सुटका, नाहीतर हे आपले तो काळा तुकडा हातात धरून बसलेले. म्हणायचे, 'काजबटण, माझं वय झालं, मला फोनसुद्धा ठेवता येत नाही.'"

"मग?"

"मग एके दिवशी आपोआप बरा झाला. पुन्हा म्हणून काळा पडला नाही. पण तेव्हापासून बॅटरी टिकेना. दोन फोन केले की लाल. सारखा आपला चार्जरला लटकलेला."

"आपोआप बरा झाला," आत्या म्हणाली. आपोआप या शब्दावर तिचा कधीच विश्वास नव्हता. "कधीची गोष्ट?"

काका मशीनवरच्या चादरीकडे बघत राहिले. "दिवस लक्षात आहे माझ्या. कारण त्या दिवशी मास्तरांनी कोटाची उजवी बाही डावीकडे जोडली."

"दादाने?"

"मीही असाच बघत राहिलो. उभ्या जन्मात पहिल्यांदा! दुपारी जेवायला बसायच्या आधी त्यांना एक फोन आला. दोन वाक्यं बोलले असतील. नंतर फोन तसाच कानाशी, आणि नुसते ऐकतायत. घास नाही, पाणी नाही. चेहरा असा, की मी टाचणी टोचली असती तरी कळलं नसतं. शेवटी फोन खाली ठेवला तेव्हा मी विचारलं, कुणाचा होता? तर म्हणाले..."

काकांनी बटणांची डबी जागेवर ठेवली.

"बोला की."

"म्हणाले, 'घरचाच होता.' आणि बाही उलटी जोडली."

४

घरचाच. म्हणजे लेक, लेक नाहीतर मुलगा, मुलगा नाहीतर सून.

आत्याने आधी भाचीला फोन लावला. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि नुकतीच घरी पोचली होती.

"तू बापाला दुपारचा फोन करतेस का गं?"

"मला वेळ कुठे दुपारी? आत्या, तू तिच्या नादी लागू नकोस हं. रडून दाखवते ती. आणि हे बघ, माझ्या गॅसवर..." फोन कापला गेला. निरोप नाही, अच्छा नाही, काही नाही.

आत्याने हातातल्या फोनकडे पाहिलं आणि मान डोलावली. लहानपणीही या पोरीच्या पाठीवर त्यावरूनच धपाटे बसायचे. नियम कुणासाठीही असोत, हिच्यासाठी नसायचे. पण आज त्या उर्मटपणाने तिचं भलं केलं होतं. हिचा कॉल कधी चुकूनसुद्धा उघडा राहिला नसता.

भाच्याचं ऑफिस घरासमोरच्याच इमारतीत, रस्ता ओलांडला की जिना. खिडकीतून खालचं दुकान स्वच्छ दिसत होतं, इतकं की शटरवरचा गंजही मोजावा. आत्या खिडकीशी उभी राहिली.

"इथून हाक मारली तरी ऐकू जाईल की रे."

"हो." तो कागद चाळत होता. एकच कागद, वरून खाली आणि पुन्हा वरून.

"मग दादाने बरं वाटेनासं झालं तेव्हा तुला फोन का नाही केला?"

"ती औषधांतली आहे ना. म्हणून असेल." त्याने घसा साफ केला. "मला काय माहीत?"

"दादाच्या फोनचं काही दुखणं होतं का?"

"नाही. काळा-बिळा काही पडत नाही तो, उत्तम चालतो."

"तू बघतोस का त्याच्याकडे अधूनमधून?"

"छे! बाबांच्या फोनला मी हातसुद्धा लावत नाही. परवा कॉल बघायला उघडला तेवढाच. त्यांना आवडत नाही त्यांच्या वस्तूंना हात लावलेला."

आत्याने चहा नको म्हटलं. जिना उतरताना तिचे गुडघे करकरत होते आणि डोक्यात कुठेतरी एक टाका उसवत होता. कुणीतरी आता काहीतरी जास्तीचं बोललं होतं. काय, ते रस्ता ओलांडेपर्यंत तिच्या ध्यानात येईना.

रस्ता ओलांडून झाला आणि ती शटरपाशीच थबकली. येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली तरी ती हलली नाही.

तिने फोनच्या दुखण्याबद्दल विचारलं होतं. काळं पडण्याबद्दल नाही.

५

मास्तरांचा फोन ड्रॉवरमध्ये होता. आत्याने तो चार्ज केला आणि खाली दुकानात नेला. कटिंगच्या टेबलाशी, दादा जिथे उभा राहायचा नेमकी तिथेच ती उभी राहिली. सुनेला फोन लावला. वरच्या मजल्यावर रिंग वाजली.

"हॅलो? आत्या, बाबांच्या फोनवरून?"

"हो. ठेवू नकोस, बोलत राहा."

तिने फोन खांद्यावर ठेवला, गालाने दाबला. कापडाचा एक तुकडा घेतला आणि दोन्ही हातांनी ताणून सरळ करू लागली. कापड सरकलं, मान वळली. कानात टीं टीं टीं आवाज झाला, जणू कुणी आकडे दाबतंय. तिने मान सावरली, पुन्हा कापड ओढलं. गाल सरकला. आणि अचानक सगळं शांत झालं. सुनेचा श्वासही ऐकू येईना.

"सूनबाई, ऐकतेस ना?"

काही नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये तसं.

"अगं, बोल की!"

काही नाही. दादाने हेच ऐकलं होतं. हा जिवंत फोनमधला मेलेपणा. हात बधिर होत असताना, जीभ जड होत असताना, ज्या माणसाला हाक मारली त्याच्याकडून आलेलं हे उत्तर.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. सूनबाई धापा टाकत खाली आली, हातात स्वतःचा फोन, चेहरा पांढराफटक.

"आत्या! तुम्ही मला होल्डवर का ठेवलंत?"

तिच्या फोनमधून ट्यून वाजत होती. आत्याने मास्तरांचा फोन खांद्यावरून काढला. स्क्रीन दिव्यासारखा लख्ख, त्यावर होल्डचं बटण दाबलेलं आणि काचेवर गालाचा घामट ठसा.

"मी ठेवलं नाही," आत्या हळू म्हणाली. "माझ्या गालाने ठेवलं."

मग तिने स्वतःचा फोन कानाला लावून आरशात पाहिलं. कानाशी जाताच स्क्रीन विझला, लांब धरताच उजळला. फोनच्या कपाळावर एक बारीक डोळा असतो, सेन्सर. गाल जवळ आला की त्याला दिसतो आणि तो स्क्रीन बंद करतो, गालाने भलतंच काही दाबू नये म्हणून. माणूस बोलत असतो तेवढा वेळ कानाशी अंधार असावा, हाच त्या डोळ्याचा धर्म. मास्तरांच्या फोनचा डोळा मात्र ढिम्म होता.

ती सेटिंगमध्ये शिरली. एकेक पान उलटत गेली आणि हवी ती ओळ सापडली. 'कॉल चालू असताना कानाजवळ स्क्रीन बंद करा.' त्यापुढचं बटण बंद होतं. ते स्वतःहून बंद होत नाही. कुणीतरी शोधून, मुद्दाम, बोटाने बंद करावं लागतं. आणि दादाला तर चष्मा लावूनही ती अक्षरं वाचता आली नसती.

आत्याने ते बटण चालू केलं आणि पुन्हा फोन लावला. स्क्रीन काळाकुट्ट झाला. कानाला न लावताच! लांब धरला तरी काळाच.

सूनबाई रडायचं विसरून बघत होती. आत्याने टेबलावरची टाचणी उचलली, फोनच्या वरच्या कडेला, काचेच्या कव्हराच्या फटीत फिरवली. टाचणीच्या टोकावर पांढरी भुकटी आली.

खडू. कापडावर रेघा मारायचा खडू. मास्तरांचा अंगठा कायम त्याने माखलेला. ती भुकटी डोळ्यावर बसली होती आणि त्याला तोच कायम गाल वाटत होता.

फटीतलं शेवटचं पांढरं टोकरून निघालं आणि स्क्रीन उजळला.

"बॅग उघड," आत्या म्हणाली. "आणि संध्याकाळच्या चहाला सगळ्यांना खाली बोलाव. चहा कडक कर. कुणालातरी लागणार आहे."

६

कटिंगच्या टेबलाभोवती स्टुलं मांडली होती. भाची, भाचा, सूनबाई. काजबटण काकांना आत्याने वर मास्तरांजवळ बसवलं होतं. स्वतःचा फोन तिने टेबलावर उपडा ठेवला आणि शेजारी मास्तरांचा टेप गुंडाळून ठेवला.

"हिने खोटं सांगितलं नाही," ती म्हणाली. "दादाने हिला होल्डवर ठेवलं, आणि त्याला ते माहीतही नव्हतं." तिने गालाची, खांद्याची गोष्ट सांगितली. भाचीने तोंडावर हात ठेवला.

"पण हा डोळा बंद कोणी केला? आधी खडूने फोन आंधळा झाला. कॉल कापताच येईना. आणि आपल्या घरात धाकटे आधी कापत नाहीत. म्हणजे बोलणं संपलं तरी फोन उघडाच. धाकटा फोन बाजूला ठेवून आपल्या कामाला लागणार, आणि तो इकडे काय बोलतो ते दादाला ऐकू जाणार. एका दुपारी तसंच झालं. घरातलं कुणीतरी असं काही बोललं की दादाने उलटी बाही जोडली. त्याच दिवशी संध्याकाळी फोन बरा झाला. कुणीतरी तो डोळाच मिटून टाकला, पुन्हा असं घडू नये म्हणून."

"कोण?" भाचीने विचारलं.

"तू नाहीस. तू तर देवाचाही फोन आधी कापशील." भाची ओशाळली. "सूनबाईही नाही. जिचं बोलणं ऐकून मन फाटलं, तिलाच माणूस जिवावर बेतल्यावर पहिली हाक मारेल का? दादाने हाक मारली ती हिला. आणि कुणाला मारली नाही?" आत्याने शटरबाहेर, समोरच्या खिडकीकडे पाहिलं. "जो हाकेच्या अंतरावर होता त्याला."

भाच्याचा कप बशीवर वाजला.

"मी फक्त दुखणं विचारलं होतं रे. काळं पडणं तू बोललास. ते काजबटणशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. काजबटणला, आणि ज्याने ते बरं केलं त्याला."

मग तो बोलला, टेबलाच्या लाकडाशी बोलावं तसा.

"बाबांशी बोलून फोन टेबलावर ठेवला. वाटलं, ते कापतील. समोर दलाल बसला होता. त्याला म्हणालो, म्हातारा आज आहे, उद्या नाही. तो गेला की किल्ली तुमच्या हातात." त्याने कप बाजूला सारला. "वर म्हणालो, मला घाई नाही हो, बायको मागे लागलीय. ती मागे लागली नव्हती. पण स्वतःच्या तोंडाने बापाचं दुकान विकायला लाज वाटली, म्हणून तिचं तोंड वापरलं."

सूनबाई त्याच्याकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"नंतर फोन उचलला तर कॉल चालूच. पलीकडून बाबांचा श्वास ऐकू येत होता. मी कापला. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याआधी कापला. घरी आलो तर ते काहीच बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, फोन बिघडलाय, ठेवता येत नाही. ते आंघोळीला गेले तेव्हा मी सेटिंग बंद केलं. त्याने असं होईल हे मला... शपथ घेतो आत्या, मला ठाऊक नव्हतं."

"ते मला मान्य आहे. पण ती होल्डचं सांगत होती तेव्हा 'मी फोनला हात लावला होता' एवढं तरी बोलायचं होतंस. ते बोललास असतास तर का लावलास हेही सांगावं लागलं असतं. म्हणून बायकोला घराबाहेर काढायला निघालास. तिचं नाव ऐकूनही दादाने तुझ्या शब्दावर पुरता विश्वास ठेवला नाही, तिलाच हाक मारली. आणि तिच्याकडून आलं काय? काही नाही. म्हणून तो तोंड मिटतो."

"बाबांना हे कोण सांगणार आता?" सूनबाई पुटपुटली. "त्यांना पटेल तरी का?"

"सांगायची गरज नाही." आत्याने टेबलावरचा उपडा फोन सुलटा केला. कॉल चालू होता. पडद्यावर नाव होतं, दादा.

"मोठ्यांनी ठेवल्याशिवाय मी फोन ठेवत नाही," आत्या म्हणाली. "वर काजबटणने त्याच्या कानाशी धरलाय. तू म्हणालास ना, बाबांचीच इच्छा? आता बघू त्यांची इच्छा."

भाच्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं.

७

सूनबाई उठली नाही. तिने तो फोन उचलून कानाला लावला आणि कानाशी स्क्रीन विझला, विझावा तसा.

"बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी मी लाइनवर होते. बाबा, मी ठेवला नव्हता."

पलीकडे श्वास. जड, अडखळता, पण श्वास.

"ऐकताय ना?"

शब्द येणार नव्हतेच. शब्द त्या टेबलाखालीच राहून गेले होते. पण काही वेळाने काहीतरी आलं. आधी घरघर वाटली. मग घरघरीला चढउतार आला, खाली, वर, पुन्हा खाली, मशीनच्या पायडलासारखा. सुई जाते पुढे पुढे. शब्दांशिवाय, नुसता सूर. दोरा येतो मागे गं.

वरून काजबटण काकांचा आवाज आला, रडका आणि हसरा एकदमच. "ओ आत्याबाई! फोन आता माझ्या हातात नाही हो! मास्तरांनी डाव्या हातात घेतलाय! कानापासून काढून बघतायत, स्क्रीन चांगला लख्ख दिसतोय, लाल बटण अंगठ्याखाली आहे!"

भाचा उठून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेला आणि तिथेच कठडा धरून उभा राहिला. वर जायचं धैर्य त्याला होईना.

आत्या सुनेकडे बघत होती. सूनबाईने डोळे मिटून फोन कानाशी घट्ट धरला होता.

"कापला का गं त्याने?"

सुनेने मान हलवली. नाही.

चहा गार झाला. शटरबाहेरची माणसं जात-येत राहिली. सूर मधेच तुटायचा, दम खायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. सूनबाई फोन कानाशी धरूनच उठली, वर जाऊन दुसऱ्या हाताने सुपाचं पातेलं शेगडीवर ठेवायला.